लोकसभेच्या कामकाजाचा एक साधा दिवस कसा वाचावा: कार्यसूचीपासून आश्वासनांच्या नोंदीपर्यंत

लोकसभेत आज काय झाले असे कोणी विचारले, तर बहुतेकांना संध्याकाळच्या बातम्यांतला गदारोळ, सभात्याग आणि तहकुबी एवढेच सांगता येते. ज्या दिवशी फारसे काही घडले नाही असे वाटते, त्या दिवशीही सभागृहात मंत्र्यांची शेकडो लेखी उत्तरे येतात, अहवाल सभापटलावर ठेवले जातात, म्हणजे सभागृहापुढे अधिकृतपणे सादर होतात, आणि एखाद्या विधेयकाचे पंधरा-वीस खंड एका दमात संमत होतात. आपल्या जिल्ह्याशी, व्यवसायाशी किंवा आपण निवडून दिलेल्या खासदाराशी संबंधित गोष्टी बहुधा याच शांत भागात असतात. हा लेख त्या भागाचा मागोवा घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहे: स्थानिक वार्ताहर, शिक्षक, शेतकरी संघटनेचे कार्यकर्ते किंवा केवळ जिज्ञासू मतदार. उदाहरण म्हणून आपण कांद्याचा विषय धरून चालू, कारण नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही आणि दिल्लीतल्या किमान तीन मंत्रालयांत तो विखुरलेला आहे.

आदल्या दिवशी: कार्यसूची उघडणे

पहिले काम म्हणजे संसदेच्या अधिकृत संकेतस्थळावरून दुसऱ्या दिवसाची कार्यसूची, म्हणजे त्या दिवशीच्या कामांची यादी, उतरवून घेणे. ती हिंदी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असते. मराठी वाचकाला हिंदी प्रत सोपी जाते, कारण तिच्यातल्या अनेक संज्ञा आपल्या विधिमंडळातल्या संज्ञांच्या जवळच्या आहेत. ती उघडताना आपण लोकसभेचीच प्रत उघडली आहे याची खात्री करावी. राज्यसभेत दिवसाचा क्रम वेगळा आहे: तेथे २०१४ पासून प्रश्नोत्तराचा तास दुपारी बाराला होतो आणि शून्य प्रहर त्याच्या आधी असतो, तर लोकसभेत प्रश्नोत्तरे अकराला आणि शून्य प्रहर बारानंतर. नियमांचे क्रमांकही निराळे आहेत. ‘नियम २६७ खाली नोटीस दिली’ अशी बातमी असेल तर ती राज्यसभेची समजावी; लोकसभेत स्थगन प्रस्ताव, म्हणजे ठरलेले काम बाजूला ठेवून तातडीच्या विषयावर चर्चा मागणारा प्रस्ताव, नियम ५६ खाली येतो.

कार्यसूचीत बाबींना क्रमांक दिलेले असतात आणि कामकाज साधारणपणे त्याच क्रमाने पुढे सरकते. मात्र कार्यसूचीत नाव आले म्हणजे ते काम त्या दिवशी झालेच, असे समजू नये. सभागृह तहकूब झाले किंवा आधीच्या विषयाची चर्चा लांबली, तर बाब दुसऱ्या दिवसावर जाते. कोणत्या विषयाला किती तास द्यायचे हे कामकाज सल्लागार समिती ठरवते आणि तिच्या अहवालातले ते तास मी कार्यसूचीच्या समासात लिहून ठेवतो. एखाद्या मोठ्या विधेयकाला दोनच तास मिळालेले दिसले, की चर्चा कशी होणार याचा अंदाज तिथेच येतो.

प्रश्नांची यादी कार्यसूचीपासून स्वतंत्र असते आणि ती वेगळी उतरवावी लागते. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे असते आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला केवळ लेखी उत्तर मिळते. प्रत्येक मंत्रालयाला उत्तरे देण्यासाठी आठवड्यातला ठरावीक वार नेमून दिलेला असतो, त्यामुळे आपल्या विषयाचे मंत्रालय कोणते हे आधी निश्चित करायला हवे, आणि नवखा माणूस नेमका येथेच चुकतो. कांद्याची लागवड आणि उत्पादन हा कृषी मंत्रालयाचा विषय आहे. सरकारी राखीव साठा आणि किरकोळ बाजारातले दर ग्राहक व्यवहार खात्याकडे आहेत. निर्यातीवरील बंदीची अधिसूचना मात्र वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतले विदेश व्यापार महासंचालनालय काढते. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा ज्यांनी फक्त कृषी मंत्रालयाची उत्तरे चाळली, त्यांना बंदीविषयी फारसे काही हाती लागण्यासारखे नव्हते.

सकाळी अकरा ते बारा: प्रश्नोत्तराचा तास

अकरा वाजता अध्यक्ष आसनावर येतात. नव्या सदस्याची शपथ किंवा माजी सदस्याच्या निधनाचा उल्लेख असेल तर तो आधी होतो आणि मग प्रश्न सुरू होतात. संसद टीव्हीवर थेट प्रक्षेपण पाहताना प्रश्नांची यादी हाताशी असू द्यावी, कारण अध्यक्ष केवळ प्रश्नाचा क्रमांक आणि सदस्याचे नाव पुकारतात, मूळ प्रश्न सभागृहात वाचला जात नाही. सदस्य उठून क्रमांक सांगतो, मंत्री उठून विवरण सभापटलावर ठेवल्याचे सांगतात, आणि यादी समोर नसलेल्या प्रेक्षकाला विषय काय आहे हे पूरक प्रश्न सुरू होईपर्यंत कळत नाही.

छापील प्रश्नाचा साचा एकदा नीट पाहून ठेवण्यासारखा आहे. वर फुलीचे चिन्ह आणि क्रमांक, त्याखाली सदस्याचे नाव, मग ‘क्या … मंत्री यह बताने की कृपा करेंगे कि:’ ही ठरलेली ओळ आणि तिच्याखाली (क), (ख), (ग), (घ) असे उपभाग. उत्तराच्या कागदावर बरेचदा एकच ओळ असते: ‘(क) से (घ): एक विवरण सभा पटल पर रख दिया गया है।’ ही ओळ वाचून कागद बाजूला ठेवू नये, खरे उत्तर त्यामागे जोडलेल्या विवरणात आणि त्याच्या परिशिष्टात असते. राज्यवार आणि वर्षवार तक्ते परिशिष्टात येतात आणि महाराष्ट्राची ओळ तिथेच सापडते. उत्तराचा प्रत्येक उपभाग प्रश्नाच्या त्याच उपभागासमोर ठेवून वाचावा. चार उपभागांचे उत्तर एकत्र दिलेले असेल, तर त्यातला अडचणीचा उपभाग अनुत्तरित राहिला आहे का हे पाहावे. ‘नुकसानभरपाई देण्याचा विचार आहे काय’ असा (घ) भाग असतो आणि उत्तरात योजनांची जंत्री असते. अशा वेळी जंत्रीतली नावे उतरवण्यापेक्षा ‘(घ) चे उत्तर नाही’ एवढी नोंद अधिक मोलाची असते.

तासाभरात विसाच्या वीस तारांकित प्रश्न होणे दुर्मिळ आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये ते एका दिवशी झाले तेव्हा १९७२ नंतर प्रथमच असे घडल्याची नोंद झाली. एरवी पहिले काही प्रश्न तोंडी होतात आणि उरलेल्यांची उत्तरे लेखी धरली जातात. प्रश्नांची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते आणि त्यांचा क्रम सोडतीने लागतो, त्यामुळे यादीत वरच्या क्रमांकावर नाव असणे हा नशिबाचा भाग आहे. खासदाराची मेहनत त्यावरून मोजू नये. मेहनत दिसते ती पूरक प्रश्नात. मूळ प्रश्न विचारणाऱ्याला साधारणपणे दोन पूरक प्रश्नांची संधी मिळते, आणि ज्याने विवरण वाचलेले असते त्याचा प्रश्न विवरणातल्या एखाद्या आकड्यावर बोट ठेवतो. ज्याने वाचलेले नसते तो मतदारसंघातले एखादे नवे काम मागतो.

या तासाचे वजन किती आहे हे १९५७ साली दिसले. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत केलेल्या गुंतवणुकीचा विषय लोकसभेतल्या प्रश्नांतून पुढे आला. खासदार फिरोझ गांधी यांनी तो लावून धरला, मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा चौकशी आयोग नेमला गेला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. म्हणूनच हा तास गोंधळात वाहून गेला की मला अतिशय वाईट वाटते, मग गोंधळ कोणत्याही बाकांवरून झालेला असो. अशा दिवशीही लेखी उत्तरे मात्र येतात. प्रश्नोत्तराचा तास संपल्यावर ती संकेतस्थळावर दिसू लागतात आणि सदस्याचे नाव, मंत्रालय, तारीख किंवा विषय यांनुसार शोधता येतात. तहकुबीच्या दिवशी तर ती आवर्जून वाचावीत.

बारा वाजता: सभापटलावरील कागदपत्रे आणि शून्य प्रहर

बारा वाजता कामकाजाचा वेग एकदम वाढतो. आधी स्थगन प्रस्तावांच्या सूचना. विरोधी सदस्य त्या जवळजवळ रोज देतात आणि अध्यक्ष त्या बहुधा नाकारतात. प्रस्ताव स्वीकारला गेलाच तर त्याला ५० सदस्यांचा पाठिंबा लागतो आणि चर्चा साधारणपणे चार वाजता घेतली जाते. नोटीस दिल्याची बातमी आणि चर्चा झाल्याची बातमी या दोहोंमध्ये किती अंतर आहे, हे यावरून लक्षात येईल.

त्यानंतर मंत्री एकामागून एक उठून कागदपत्रे सभापटलावर ठेवतात. प्रेक्षकाला हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण माझ्या मते दिवसभरातल्या सर्वांत उपयुक्त पंधरा मिनिटांत याची गणना व्हावी. महालेखापरीक्षकांचे अहवाल येथेच येतात, सार्वजनिक उपक्रमांचे वार्षिक अहवाल येथेच येतात, आणि कायद्याखाली केलेले नियमही येथेच ठेवले जातात. कार्यसूचीत अहवालाच्या नावाखाली पुष्कळदा आणखी एक नोंद असते: अहवाल सभापटलावर ठेवण्यास झालेल्या विलंबाची कारणे दर्शवणारे विवरण. लेखावर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत अहवाल यावा अशी अपेक्षा असते. एखाद्या संस्थेचे हे विवरण वर्षानुवर्षे येत असेल, तर तिच्या कारभाराविषयी तो एक कागद पुरेसे सांगून जातो. आपल्या भागातली केंद्रीय संस्था, बंदर किंवा संशोधन केंद्र कोणत्या मंत्रालयाखाली येते हे माहीत करून घेऊन या यादीत तिचे नाव शोधण्याची सवय लावावी.

मग शून्य प्रहर. हा शब्द लोकसभेच्या नियमांत नाही, ती रूढ झालेली पद्धत आहे. सूचना दिलेल्या सदस्यांना तातडीच्या सार्वजनिक विषयावर थोडक्यात बोलता येते, परंतु मंत्र्यांनी उत्तर द्यायलाच हवे असे बंधन नाही. खासदारांच्या समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या चित्रफिती बहुतांशी याच वेळच्या असतात. नियम ३७७ खालचे निवेदन त्या मानाने कमी दिसते, कारण मान्य झालेला छोटा मजकूर वाचायचा किंवा अनेकदा नुसता सभापटलावर ठेवायचा असतो. पण त्यावर संबंधित मंत्री सदस्याला लेखी उत्तर पाठवतात. तेव्हा आपल्या विषयावर खासदाराने शून्य प्रहरात भाषण केले असेल तर त्यांचे आभार मानावेत, आणि त्याच विषयावर नियम ३७७ खाली सूचना किंवा अतारांकित प्रश्न द्यावा अशी विनंतीही करावी. कागदावर आलेले उत्तर पुढच्या लढ्यात उपयोगी पडते.

लक्षवेधी सूचना, म्हणजे तातडीच्या सार्वजनिक विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणारी सूचना, नियम १९७ खाली येते. ही पद्धत १९५४ मध्ये, दादासाहेब मावळंकर अध्यक्ष असताना सुरू झाली. दादासाहेबांची कर्मभूमी अहमदाबाद, पण घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याचे, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी सांगितली जात नाही. लक्षवेधी मान्य झाली तर मंत्र्याला निवेदन करावेच लागते.

दुपारी: विधेयक नेमके कोणत्या टप्प्यावर आहे

जेवणाची सुट्टी एक ते दोन असते, कधीकधी ती रद्द केली जाते. दुपारचा मुख्य वेळ विधेयकांना, अर्थसंकल्पाच्या काळात अनुदानाच्या मागण्यांना (मंत्रालयांच्या खर्चाच्या मंजुरीला) मिळतो. येथे एकच प्रश्न स्वतःला वारंवार विचारावा: विधेयक आज कोणत्या टप्प्यावर आहे? ‘विधेयक लोकसभेत मांडले’ या बातमीचा अर्थ केवळ पुरःस्थापना झाली असा असतो. कायदा व्हायला त्याला अजून दोन्ही सभागृहे आणि राष्ट्रपतींची संमती ओलांडायची असते. मांडलेल्या विधेयकाला ‘कायदा झाला’ म्हणणारे मथळे मी इतक्यांदा पाहिले आहेत, की कार्यसूचीतले क्रियापद वाचल्याशिवाय मी कोणत्याही मथळ्यावर विश्वास ठेवत नाही. ‘पुरःस्थापित करणे’, ‘विचारात घेणे’ आणि ‘पारित करणे’ या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत.

विचारार्थ प्रस्तावावर सर्वसाधारण चर्चा होते. पक्षांना त्यांच्या संख्याबळाच्या प्रमाणात वेळ मिळतो, म्हणून लहान पक्षाचा सदस्य चार मिनिटांत आटोपतो, त्यात त्याचा दोष नसतो. विधेयक स्थायी समितीकडे गेले होते का हे पाहावे. गेले असेल तर भाषणांच्या आधी समितीचा अहवाल आणि त्यातल्या भिन्नमतपत्रिका (असहमत सदस्यांच्या टिपा) वाचाव्यात, कारण तज्ज्ञांच्या साक्षी आणि खात्याची खुलासेवार उत्तरे तिथेच सापडतात. मंत्र्यांच्या उत्तरानंतर खंडशः विचार सुरू होतो. हा भाग कानांनी पकडणे कठीण असते. अध्यक्ष ‘खंड २ ते १५ विधेयकाचा भाग व्हावेत’ असा प्रश्न टाकतात, होकार-नकाराचे आवाज येतात, आणि चौदा खंड काही सेकंदांत संमत झालेले असतात. शेवटी खंड १, अधिनियमन सूत्र आणि विधेयकाचे पूर्ण नाव येते. हे शब्द ऐकू आले की खंडशः विचार संपला असे समजावे. उरतो तो पारित करण्याचा प्रस्ताव. सदस्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्यांची यादी त्या दिवशी वेगळी प्रसृत होते. ती वाचली नाही तर कोणत्या शब्दासाठी कोण झगडले हे कधीच कळत नाही.

बैठकीसाठी एकूण सदस्यसंख्येच्या एक दशांश, म्हणजे लोकसभेत ५५ सदस्यांची गणपूर्ती (किमान उपस्थिती) लागते. दुपारी बाके रिकामी दिसली म्हणून लगेच निष्कर्ष काढू नये, कारण काही सदस्य समित्यांच्या कामात असू शकतात. उपस्थितीच्या आकड्यांबाबतही तीच सावधगिरी हवी: हजेरीची नोंद म्हणजे दिवसभर सभागृहात बसल्याचा पुरावा नव्हे, आणि मंत्र्यांना तर हजेरी नोंदवावीच लागत नाही.

मतदान: आपल्या खासदाराचे मत कधी कळते

बहुतेक निर्णय आवाजी मतदानाने होतात. अध्यक्ष होकार आणि नकार ऐकतात आणि कौल जाहीर करतात. अशा मतदानात कोणी काय म्हटले याची नावनिशीवार नोंद राहत नाही, म्हणून ‘आमच्या खासदारांनी या विधेयकाच्या बाजूने मत दिले का’ या प्रश्नाचे नोंदीतून सिद्ध होणारे उत्तर आवाजी मतदानानंतर देता येत नाही. सदस्याने कौलाला हरकत घेऊन मतविभागणी मागितली तर चित्र बदलते. साडेतीन मिनिटे घंटा वाजते, लॉबी मोकळ्या केल्या जातात, दारे बंद होतात आणि सदस्य आपापल्या जागेवरची बटणे दाबतात: हिरवे होकाराचे, लाल नकाराचे, पिवळे तटस्थतेचे. ज्यांचे यंत्र चालले नाही किंवा चुकीचे बटण दाबले गेले ते चिठ्ठीवर दुरुस्ती देतात. १७ डिसेंबर २०२४ रोजी एकत्रित निवडणुकांविषयीचे घटनादुरुस्ती विधेयक मांडण्याच्या प्रस्तावावर मतविभागणी झाली तेव्हा चिठ्ठ्या मोजल्यानंतरचा आकडा २६९ विरुद्ध १९८ असा होता आणि फलकावरचा पहिला आकडा त्याहून कमी होता. त्यामुळे फलकाचे छायाचित्र पुढे पाठवण्याची घाई करू नये, अध्यक्षांनी वाचलेला अंतिम निकाल उतरवावा. नावांची संपूर्ण यादी त्या दिवसाच्या वृत्तांतात छापली जाते.

शुक्रवारची दुपार

शुक्रवारी शेवटचे अडीच तास गैरसरकारी कामकाजाचे असतात. मंत्री नसलेले सदस्य या वेळी आपली विधेयके आणि ठराव मांडतात. अशी केवळ १४ विधेयके आजवर कायदा झाली आहेत आणि त्यातले शेवटचे १९७० मधले आहे, म्हणून वर्तमानपत्रे या वेळेकडे फिरकत नाहीत. मला मात्र ही दुपार फार आवडते, कारण सदस्याला स्वतःचा विचार मांडण्याची मोकळीक येथे सर्वांत अधिक मिळते. राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांनी १९६७ साली, संसद मूलभूत हक्क कमी करू शकत नाही असे ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ खटल्यातील निकालानंतर, संविधानात दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार स्पष्ट करणारे विधेयक गैरसरकारी सदस्य म्हणूनच आणले होते. ते मंजूर झाले नाही. पण १९७१ मध्ये, नाथ पै यांच्या निधनानंतर काही महिन्यांनी, चोविसाव्या घटनादुरुस्तीने संसदेचा तोच अधिकार संविधानात लिहिला गेला.

संध्याकाळी, आणि पुढच्या तीन महिन्यांत

सभागृह उठल्यावर दोन कागद पाहावेत. पहिला बुलेटिनचा भाग १, ज्यात त्या दिवशी प्रत्यक्ष काय पार पडले याची कोरडी, नेमकी नोंद असते. तो सकाळच्या कार्यसूचीशेजारी ठेवून काय झाले आणि काय राहिले यावर खुणा कराव्यात. दुसरा म्हणजे शब्दशः वृत्तांत, जो आधी असंपादित स्वरूपात येतो. त्यात ‘… (व्यवधान)’, म्हणजे व्यत्यय, असे ठिकठिकाणी दिसेल. जेथे फुली असेल तेथील शब्द अध्यक्षांच्या आदेशाने वगळले किंवा नोंदवले गेलेले नाहीत असे समजावे आणि चित्रफितीतून ऐकलेले ते शब्द सभागृहाच्या नोंदीतले म्हणून छापू नयेत. मराठीतून केलेले भाषण वृत्तांतात अनुवादित रूपात येऊ शकते आणि तळटीपेत तसा उल्लेख असतो. सभागृहात मराठीचा तात्काळ अनुवाद उपलब्ध असल्याने आपले खासदार मराठीत बोलू शकतात. त्यांचे मूळ शब्द हवे असतील तर चित्रफीतच पाहावी लागते.

शेवटचे काम लोक विसरतात. मंत्र्यांच्या तोंडी किंवा लेखी उत्तरात ‘माहिती गोळा केली जात असून ती सभापटलावर ठेवली जाईल’, ‘प्रकरण विचाराधीन आहे’, ‘मी यात लक्ष घालीन’ यांसारखी वाक्ये आली, तर ती आश्वासने म्हणून नोंदवली जाऊ शकतात. १९५३ पासून सरकारी आश्वासनांविषयीची समिती त्यांचा पाठपुरावा करते आणि आश्वासन पुरे करण्यासाठी तीन महिन्यांची मुदत असते. मुदतवाढ मागितली जाते, काही आश्वासने वर्षानुवर्षे पडून राहतात, आणि समितीच्या अहवालांत त्यांची यादी मिळते. कांद्याच्या प्रश्नाला असे उत्तर आले असेल, तर प्रश्नाचा क्रमांक, तारीख, मंत्रालय आणि ते वाक्य जसेच्या तसे वहीत उतरवावे, समोर तीन महिन्यांनंतरची तारीख घालावी, आणि त्या तारखेला काही आलेले नसेल तर याच चार नोंदींसह खासदारांच्या कार्यालयाला पत्र लिहावे.